मीटरवर २३० दाखवतं, मोटर लावली की बसतं: थेवेनिन लावून दोष कसा शोधायचा

दर उन्हाळ्यात माझ्या टेबलावर हीच तक्रार येते, फक्त माणूस वेगळा असतो. कुणाची विहिरीवरची मोटर गुणगुणते पण फिरत नाही. कुणी बारा व्होल्टवरून पाच व्होल्ट काढलेत, मीटरवर बरोबर दिसतात, पण रिले (कॉइलमध्ये करंट गेला की ओढला जाणारा स्विच) ओढत नाही. कुणाच्या वायरमध्ये स्विच बंद असतानाही ऐंशी व्होल्ट दिसतात, आणि वायरमन सांगून गेलाय की "करंट उतरतोय". तिघांचं दुखणं एकच आहे. मीटरने फक्त व्होल्टेज मोजलंय, त्या व्होल्टेजच्या मागे किती रेझिस्टन्स दडलाय ते कुणीच मोजलेलं नाही.

डिप्लोमाच्या दुसऱ्या सेमिस्टरला थेवेनिनचं प्रमेय असतं. आठ मार्कांचं उदाहरण सोडवायचं आणि विसरून जायचं, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. मीही विसरलो होतो. ते परत आठवलं विहिरीच्या काठावर.

विहिरीची गोष्ट

तात्यांच्या घरच्या मीटरवरून गोठ्याकडच्या विहिरीवर सिंगल फेज, दीड एचपीची मोटर. अंतर ११० मीटर. वायर टू-कोर अ‍ॅल्युमिनियमची, ४ स्क्वेअर एमएम. मोटर कधी चालू व्हायची, कधी नुसती हुंऽऽ करायची. तात्यांनी वर्षभरात तीन कपॅसिटर बदलले होते, एकदा वाइंडिंग करून आणलं होतं. गुणगुणत राहिली की सोळा अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडायचा, म्हणून कुणीतरी बत्तीसचा बसवून दिला होता.

"लाइट पुरेपूर हाय की ओ," तात्या म्हणाले. "परवाच्या पोरानं मीटर लावून दाखवला, दोनशे एकतीस."

मी लावला, खरंच २३१. पण मोटर बंद असताना. डिजिटल मीटर स्वतः जवळपास काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे वायर कितीही भिकार असली, जॉइंट कितीही सडका असला, तरी तिथे व्होल्टेज पडायला कारणच नाही. केसाएवढी बारीक तार जोडून मोजलं असतं तरी २३१ च आलं असतं.

आता प्रमेय. दोन टोकं बाहेर काढलेलं कुठलंही मंडळ घ्या. आत कितीही सोर्स असोत, कितीही रेझिस्टन्स असोत, सगळं लिनियर असलं (व्होल्टेज दुप्पट तर करंटही दुप्पट) म्हणजे झालं. त्या दोन टोकांवर उभ्या असलेल्या लोडला ते मंडळ एक सोर्स आणि त्याच्या सिरीजमध्ये एक रेझिस्टन्स एवढंच दिसतं. डीपीतला ट्रान्सफॉर्मर, खांबावरची तार, सर्व्हिस वायर, मीटर, मेन स्विच, बांधाखालचा जॉइंट, ११० मीटर वायर, हे सगळं स्टार्टरच्या दोन टर्मिनलवरून बघितलं की दोन आकड्यांत मावतं. एक आकडा तात्यांना माहीत होता, २३१. दुसरा काढायचा होता.

त्यासाठी मी पाणी तापवायचा १५०० वॉटचा रॉड नेतो. बादलीभर पाण्यात रॉड सोडायचा, स्टार्टरच्या टर्मिनलवर जोडायचा आणि लोड चालू असताना व्होल्टेज बघायचं, सोबत क्लॅम्प मीटरने करंट. (रॉडला अर्थिंग हवंच, आणि चालू असताना बादलीला हात नाही. पाणी किती तापलं बघायला बोट घालणारे मी पाहिलेत.)

लोडशिवाय २३१ व्होल्ट. रॉड लावल्यावर २१४ व्होल्ट आणि ६.१ अँपिअर. सतरा व्होल्ट गेले ते सोर्समागच्या रेझिस्टन्समध्ये. १७ ÷ ६.१ = २.७९ ओहम. म्हणजे त्या टर्मिनलमागे २३१ व्होल्टचा सोर्स आणि २.७९ ओहम. कागदावर काढतो तोच थेवेनिन, फक्त बांधावर उभं राहून काढलेला.

एक काळजी घ्यायची. दोन्ही रीडिंग लागोपाठ, दहा सेकंदांच्या आत घ्या आणि तीनदा घ्या. मधल्या वेळात गावातली पिठाची गिरणी चालू झाली की डीपीवरचंच व्होल्टेज पाच-सात व्होल्ट सरकतं आणि ते सगळं तुमच्या रेझिस्टन्सच्या खात्यावर पडतं. एकदा माझा रेझिस्टन्स निगेटिव्ह आला होता. गिरणी नेमकी बंद झाली होती.

मोटर का फिरत नव्हती

दीड एचपीची ही मोटर चालू होताना, रोटर जागेवर असताना, पूर्ण व्होल्टेजला ४० अँपिअरच्या आसपास ओढते. म्हणजे त्या क्षणी ती २३० ÷ ४० = ५.७५ ओहमचा लोड आहे. आता बेरीज अगदी शाळेची: एकूण २.७९ + ५.७५ = ८.५४ ओहम, करंट २३१ ÷ ८.५४ = २७ अँपिअर, आणि मोटरच्या वाट्याला २७ × ५.७५ म्हणजे १५५ व्होल्ट. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे तो ४६ टक्क्यांवर आला. रन-कपॅसिटरवरच्या मोटरचा स्टार्टिंग टॉर्क मुळातच तोकडा असतो, त्याचाही निम्म्याहून कमी. ती गुणगुणणारच.

स्टार्टिंगला मोटर निव्वळ रेझिस्टन्स नसते, तिच्या करंटला फेजचा कोन असतो, त्यामुळे अशा सरळ बेरजेने ड्रॉप थोडा जास्तच दिसतो. प्रत्यक्षात १५५ च्या जागी थोडं बरं व्होल्टेज मिळतं. पण दोष शोधायला ही बेरीज पुरेशी आहे. दोन दशांशांपर्यंत अचूक उत्तर तात्यांना नको होतं.

आता हे २.७९ ओहम कुठे बसलेत? यासाठी प्रमेय परत लावायचं, पण टोकं बदलून. रॉड विहिरीवर चालू ठेवला आणि घरच्या मीटर बॉक्सवर मोजलं: लोडशिवाय २३१, लोडवर २२८. तीन व्होल्ट ÷ ६.१ = ०.४९ ओहम, एवढा डीपीपासून घरापर्यंतचा. उरले २.३ ओहम, ते घर ते विहीर. अ‍ॅल्युमिनियमच्या वायरीचा हिशोब सोपा आहे. एक मीटर लांब, एक स्क्वेअर एमएम तारेला ०.०२८ ओहम. जायची-यायची मिळून २२० मीटर, भागिले ४, म्हणजे १.५४ ओहम. मग पाऊण ओहम अजून कुठेतरी आहे, आणि तो वायरीत नाही.

तो बांधाखाली सापडला. ट्रॅक्टरच्या नांगराने वायर कधीतरी तुटली होती. कुणीतरी पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळून, माती ओढून टाकली होती. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर धरतो आणि तो करंट नीट जाऊ देत नाही. टेप उलगडली तर आतलं इन्सुलेशन करपलेलं. पाऊण ओहममधून ६ अँपिअर गेले तर २८ वॉट उष्णता, म्हणजे आपल्या सोल्डरिंग आयर्नएवढी. मोटर अडकून २७ अँपिअर ओढत बसली की साडेपाचशे वॉट, मातीत पुरलेल्या टेपच्या आत.

जॉइंट कापून, तारा घासून, अ‍ॅल्युमिनियमची क्रिम्प स्लीव्ह दाबून बसवली. परत मोजलं: २.०३ ओहम. मोटरला स्टार्टिंगला १७१ व्होल्ट, टॉर्क ५५ टक्के. मोटर फिरली. पण मी तात्यांना तेव्हाच सांगितलं की संध्याकाळी सातला बघा. संध्याकाळी डीपीवरच २०५ व्होल्ट असतात, मग मोटरला दीडशेच मिळतात आणि टॉर्क परत ४३ टक्क्यांवर. ६ स्क्वेअर एमएम तांब्याची केबल टाकली तर वायरीचा रेझिस्टन्स ०.६३ वर येतो, एकूण १.१२. दिवसा १९३ व्होल्ट, संध्याकाळी १७१. म्हणजे नव्या केबलवर संध्याकाळी मोटर तशीच उचलेल, जशी आज दुपारी उचलली. हे सगळं केबल विकत घ्यायच्या आधी, बांधावर बसून, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढता येतं.

शॉर्ट करून मोजू नका

पुस्तकात दुसरी पद्धत असते: टोकं उघडी ठेवून व्होल्टेज मोजा, मग टोकं शॉर्ट करून करंट मोजा, आणि भागा. कागदावर उत्तम. घरच्या सप्लायवर कधीही नाही. डीपीजवळच्या घरात मागचा रेझिस्टन्स पाव ओहमपेक्षाही कमी असू शकतो, म्हणजे शॉर्टला हजारभर अँपिअर. मीटरचा फ्यूज, प्रोब आणि तुमच्या भुवया एकदमच जातील. गाडीच्या बॅटरीवरही हा प्रयोग नको. ओळखीचा लोड लावून व्होल्टेज किती पडतं ते बघायचं. उत्तर तेच येतं, आणि लोड कितीचा हे बघणाऱ्याच्या हातात राहतं.

पण शॉर्ट करंटचा आकडा काढून ठेवा, कारण त्यातून एक वेगळीच भीती बाहेर येते. तात्यांच्या विहिरीवर शॉर्ट झाला असता तर करंट २३१ ÷ २.७९ = ८३ अँपिअर. सी टाइपचा एमसीबी रेटिंगच्या ५ ते १० पट करंटला क्षणात पडतो. बत्तीसच्या एमसीबीला त्यासाठी किमान १६० अँपिअर लागतात. ८३ म्हणजे जेमतेम अडीच पट. एवढ्या करंटला तो आतल्या पट्टीच्या उष्णतेवर पडतो, आणि मानकाप्रमाणे २.५५ पट करंटला एका सेकंदापासून मिनिटभरापर्यंत कितीही वेळ घेऊ शकतो. म्हणजे विहिरीवर दोन तारा चिकटून ठिणग्या उडताहेत आणि घरी एमसीबी शांत बसलाय. सोळाचा होता त्याला ८० ते १६० लागले असते, तोही काठावरच. लांब वायरीच्या टोकाला एमसीबीचं रेटिंग वाढवून देणाऱ्यांनी हा भागाकार एकदा तरी करावा. आम्ही त्याच दिवशी परत सोळाचा बसवला आणि विहिरीवर वेगळा मोटर प्रोटेक्टर दिला.

टेबलावरची तक्रार: पाच व्होल्ट आहेत, रिले ओढत नाही

ही प्रोजेक्टवाल्या मुलांची. बारा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आहे, रिले पाच व्होल्टचा आहे. मग ६.८ किलोओहम आणि ४.७ किलोओहम सिरीजमध्ये लावून मधून पाच व्होल्ट काढतात, म्हणजे डिव्हायडर. मीटरवर ४.९ येतात. रिले जोडला की टिकसुद्धा नाही, आणि मीटर बघितला तर ०.१२.

आता बारा व्होल्ट, ६.८, ४.७ हे सगळं विसरा. रिलेच्या जागी उभे राहा आणि मागे बघा. उघड्या टोकांवर १२ × ४.७ ÷ ११.५ = ४.९ व्होल्ट. बारा व्होल्टचा सोर्स शॉर्ट मानला की दोन्ही रेझिस्टन्स पॅरलल दिसतात: ६.८ × ४.७ ÷ ११.५ = २.७८ किलोओहम. (विहिरीवर २.७९ ओहम होते. योगायोग, पण मला आवडला.) या मंडळाची टोकं शॉर्ट केली तरी बाहेर १.७६ मिलिअँपिअरच येतील. रिलेची कॉइल ७० ओहमची, तिला ७१ मिलिअँपिअर हवेत. चाळीस पट मागणी.

मुलं विचारतात, मग रेझिस्टन्स लहान घेतले तर? घ्या. मागचा रेझिस्टन्स ७ ओहमच्या खाली आणायचा तर डिव्हायडरच चारशे मिलिअँपिअरच्या वर गिळेल, लोड असो वा नसो. त्यापेक्षा बारा व्होल्टचा रिले घ्या, नाहीतर सरळ रेग्युलेटर. डिव्हायडर हा सिग्नलसाठी असतो, ताकदीसाठी नाही.

सिग्नललाही मर्यादा आहे. बॅटरी मॉनिटरसाठी मुलं १ मेगाओहम आणि ४७० किलोओहमचा डिव्हायडर अर्डुइनोच्या अ‍ॅनालॉग पिनवर देतात, "बॅटरी कमी खाते" म्हणून. मागचा रेझिस्टन्स ३२० किलोओहम. अर्डुइनो ऊनो बोर्डातल्या एटीमेगा ३२८पी चिपची शिफारस आहे की पिनमागे १० किलोओहम किंवा त्याहून कमी असावा, कारण आतला छोटा सॅम्पलिंग कपॅसिटर तेवढ्या वेळात भरायला हवा. इथे तो भरत नाही आणि दोन पिन आलटून पालटून वाचल्या की एकीचं रीडिंग दुसरीत मिसळतं. मुलं कोडमध्ये सरासरी काढत बसतात. १० किलोओहम आणि ४.७ किलोओहम घ्या, नाहीतर मोठेच ठेवायचे असतील तर पिन ते ग्राउंड ०.१ मायक्रोफॅरड लावा. सॅम्पलिंगपुरता चार्ज तो पुरवतो.

दोन मीटर, दोन उत्तरं

नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन १ मेगाओहम सिरीजमध्ये. मधे साडेचार व्होल्ट यायला हवेत. डिजिटल मीटर ४.२९ दाखवतो. जुना काट्याचा मीटर, २० किलोओहम प्रति व्होल्टवाला, १० व्होल्टच्या रेंजवर १.२९ दाखवतो. कोणता खराब?

दोन्ही चांगले. मधल्या टोकामागे साडेचार व्होल्ट आणि अर्धा मेगाओहम आहे. डिजिटल मीटर स्वतः १० मेगाओहमचा लोड आहे, काट्याचा त्या रेंजवर २०० किलोओहमचा. दोघांनी आपापल्या वजनाने व्होल्टेज दाबलं आणि दाबल्यावर जे उरलं ते खरं सांगितलं. मीटरची वजनं माहीत असतील तर दोन वाचनांवरून मागचे दोन्ही आकडे काढता येतात, विहिरीवर रॉडने काढले तसेच. काट्याचा मीटर भंगारात देऊ नका, असं मी म्हणतो ते यासाठी.

बंद वायरीतल्या त्या ऐंशी व्होल्टचंही असंच आहे. पाइपात चालू फेजच्या शेजारून एक मोकळी वायर वीस मीटर गेलेली असते. दोघींमध्ये नकळत कपॅसिटर तयार होतो. एक नॅनोफॅरड धरला तरी ५० हर्ट्झला त्याचा अडथळा ३ मेगाओहमच्या वर. मीटर दहा मेगाओहमचा, त्यामुळे त्याला व्होल्टेज दिसतं. साधा पंधरा वॉटचा बल्ब लावा, क्षणात शून्य. बल्ब लावूनही व्होल्टेज टिकलं, तर मात्र खरा लीकेज आहे आणि मेन बंद करूनच पुढचं काम. स्विच बंद केल्यावर रात्रभर मिणमिणणारा एलईडी बल्बही याच जातीचा, नाहीतर स्विचमधल्या इंडिकेटरचा. त्यासाठी अख्खी वायरिंग उपटू नका.

कागदावर चुकतं ते कुठे

हा भाग परीक्षेवाल्यांसाठी, बाकीच्यांनी गाळला तरी चालेल.

पहिली चूक, लोड न काढताच सुरुवात. ज्याचा करंट हवा तो रेझिस्टन्स आधी उचलून बाजूला ठेवा, टोकांना नावं द्या, मग बाकीचं. दुसरी, सोर्स काढताना. व्होल्टेज सोर्स शॉर्ट, करंट सोर्स ओपन. उलटं करणारे दर बॅचला निघतात, कारण पाठ केलेलं असतं. शून्य व्होल्टचा सोर्स म्हणजे तार आणि शून्य करंटचा सोर्स म्हणजे तुटलेली तार, एवढं लक्षात ठेवलं की पाठांतर लागत नाही.

तिसरी, ब्रिज. १० व्होल्ट, डावीकडे वर १ किलो खाली २ किलो, उजवीकडे वर ३ किलो खाली २ किलो, मधे १३३ ओहमचा गॅल्व्हानोमीटर. मुलं लूपची तीन समीकरणं मांडून पानभर लढतात. गॅल्व्हानोमीटर काढा: डावा बिंदू ६.६७ व्होल्ट, उजवा ४, फरक २.६७. दहा व्होल्ट शॉर्ट केले की वरची आणि खालची तार एकच होते, म्हणून डावीकडचे १ आणि २ पॅरलल, ६६७ ओहम. उजवीकडचे ३ आणि २ पॅरलल, १२०० ओहम. या दोन जोड्या सिरीजमध्ये, १८६७. त्यात १३३ मिळवले की बरोब्बर २०००, आणि करंट १.३३ मिलिअँपिअर. इथे वरचे दोन पॅरलल आणि खालचे दोन पॅरलल अशी जोडी लावणारे मार्क घालवतात. आकृती पुन्हा काढा, शॉर्ट झालेली तार एक बिंदू म्हणून, मग डोळा फसत नाही. गॅल्व्हानोमीटर बदलून ५०० ओहमचा दिला तर? समीकरणवाले पहिल्यापासून, तुम्ही एका भागाकारात.

चौथी, डिपेंडंट सोर्स. तो मारायचा (शून्य करायचा) नाही, कारण तो स्वतःच्या मर्जीचा नाही, मंडळातल्या कुठल्या तरी व्होल्टेजच्या किंवा करंटच्या तालावर चालतो. समजा १२ व्होल्ट ४ ओहममधून एका टोकाला आलेत आणि त्याच टोकात एक डिपेंडंट करंट सोर्स टोकाच्या व्होल्टेजच्या ०.१२५ पट करंट ओततोय. टोक उघडं असताना जमा-खर्च मांडा: (१२ − व्होल्टेज) ÷ ४ + ०.१२५ × व्होल्टेज = ० आणि व्होल्टेज येतं २४. बारातून चोवीस कसे, म्हणून घाबरू नका, बाकीची ऊर्जा डिपेंडंट सोर्स देतोय. टोक शॉर्ट केलं की व्होल्टेज शून्य, डिपेंडंट सोर्स आपोआप गप्प, करंट ३ अँपिअर. २४ ÷ ३ = ८ ओहम. सोर्स मारून काढला असता तर ४ आला असता, निम्मा.

नॉर्टनचं प्रमेय वेगळं शिकायची गरज नाही. तोच शॉर्ट करंट आणि तोच रेझिस्टन्स, फक्त पॅरललमध्ये मांडलेला. फ्रान्सच्या तार खात्यातल्या लिओन शार्ल थेवेनिनने हे १८८३ मध्ये मांडलं. त्याच्या तीस वर्षं आधी, १८५३ मध्ये, जर्मनीत हर्मान फॉन हेल्महोल्ट्झने प्राण्यांच्या शरीरातल्या विजेचा अभ्यास करताना तेच लिहून ठेवलं होतं. करंट सोर्सचं रूप १९२६ मध्ये बेल लॅब्जच्या एडवर्ड नॉर्टनने आणि त्याच वर्षी जर्मनीत हान्स फर्डिनांड मायरने, दोघांनी स्वतंत्रपणे दिलं. म्हणून काही ठिकाणी मायर-नॉर्टन म्हणतात. आमच्या सरांनी हे कधी सांगितलं नाही.

कुठे लावायचं नाही

सोलर पॅनेलवर हे लावून फसणारे बरेच. साधारण १० वॉटचं पॅनेल, उघड्या टोकांवर २१.६ व्होल्ट, शॉर्ट करंट ०.६२ अँपिअर. भागलं की ३५ ओहम. मग हिशोबाने ३५ ओहमच्या लोडला जास्तीत जास्त पॉवर म्हणजे १०.८ व्होल्ट आणि ०.३१ अँपिअर, सव्वातीन वॉट. मग दहा वॉट लिहिलेत ते खोटे? खोटे नाहीत. पॅनेल लिनियर नाही. ते बरंच अंतर जवळपास करंट सोर्ससारखं वागतं आणि १७ व्होल्टच्या पुढे करंट झपकन उतरतो. डायोड, एलईडी, मोबाइलचा चार्जर, सगळ्यांचं असंच. एका ठरावीक बिंदूच्या आसपास छोट्या बदलापुरता समतुल्य रेझिस्टन्स काढता येतो, पण उघड्या टोकापासून शॉर्टपर्यंत एकच आकडा चालत नाही.

आणि समतुल्य मंडळ बाहेरच्या लोडपुरतं खरं असतं, आतल्या उष्णतेसाठी नाही. त्या ६.८-४.७ च्या डिव्हायडरला काहीही न जोडता तो १२.५ मिलिवॉट जाळत असतो, पण त्याचं थेवेनिन मंडळ लोड नसताना शून्य जाळतं. आत काय तापतंय हे बघायचं असेल तर मूळ आकृतीवर परत या.

तुमची तक्रार विचारायची असेल तर एवढं लिहा: लोडशिवायचं व्होल्टेज, लोडवरचं व्होल्टेज, लोडचा करंट, आणि मोजलं कोणत्या टोकांवर. नुसतं "२३० येतंय" लिहिलं तर मी रॉड आणि बादलीच मागणार.

तात्यांनी दिवाळीनंतर तांब्याची केबल टाकली. मोजलं तर १.२ ओहम आले, हिशोबापेक्षा थोडे जास्त, बहुतेक स्टार्टरच्या जुन्या कॉन्टॅक्टमुळे. संध्याकाळी सातला मोटर उचलते. बदललेले तिन्ही कपॅसिटर त्यांनी मला आणून दिले, तेव्हा मी मीटरवर तपासले: ३६ मायक्रोफॅरड लिहिलेले, ३५.४, ३५.८ आणि ३५.१. माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, कुणाला लागले तर सांगा.